वाऱ्याच्या बोगद्यातला नमुना

मी एक जुना नमुना आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो. एखाद्या विचित्र माणसाला पाहून "काय नमुना आहे!" असे तुम्ही म्हणता, ते मला ठाऊक आहे. पण मी खराखुरा नमुना आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. एका जित्याजागत्या गावाचा, त्याच्या टेकडीसकट, शाळेसकट, कारखान्यासकट बनवलेला लाकडी नमुना. माझ्यावरची एक वीत म्हणजे त्या गावातले शंभर मीटर. माझी शाळा काडेपेटीएवढी, माझी झाडे म्हणजे भांडी घासायच्या घासणीचे तुकडे आणि माझे धुरांडे म्हणजे पितळेची एक नळी. पण त्या नळीने एकदा भल्याभल्यांची बोलती बंद केली होती. तीच हकिगत आज सांगतो.

माझा जन्म एका प्रयोगशाळेत झाला. ती प्रयोगशाळा वाऱ्याची होती. तिथे एक लांबच लांब बोगदा होता, आगगाडीचा डबा असावा तसा. त्याच्या एका टोकाला माणसापेक्षा उंच पंखा आणि बाजूला काचेची भिंत. पंखा सुरू केला की बोगद्यातून वारा वाहू लागे आणि काचेतून आतले सगळे दिसे. या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या एक बाई. हवेत सोडलेला धूर कुठे जातो, किती पसरतो, जमिनीवर कुठे आणि किती उतरतो, हाच त्यांचा अभ्यास. सगळे त्यांना नुसते "बाई" म्हणत.

मला घडवले सुतारमामांनी. मामांचा हात फार सफाईदार होता. टेकडीच्या नकाशावर उंचीच्या रेषा असतात, तशा प्रत्येक रेषेच्या आकाराची एक पातळ फळी त्यांनी कापली, एकावर एक चिकटवली आणि बघता बघता टेबलावर टेकडी उभी राहिली. मग त्यांनी सवयीने पॉलिश पेपर हातात घेतला आणि टेकडी घासायला सुरुवात केली.

"मामा, थांबा!" बाई लगबगीने आल्या. "इतकी गुळगुळीत नको. खरी टेकडी खडबडीत आहे. वारा तिला ठेचाळत येतो."

मामा पॉलिश पेपर हातात धरून बघतच राहिले. "बाई, सारी हयात लोक मला सांगत आले, अजून घास, अजून घास. घासू नका म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या!"

अशी माझी टेकडी खडबडीतच राहिली. टेकडीच्या पायथ्याशी शाळा आणि वसाहत, तिच्यापुढे कारखाना, कारखान्यापुढे नदी. नदीनंतर टेबल संपे. पंख्यातून येणारा वारा फार सरळमार्गी असतो, म्हणून माझ्या अलीकडे बोगद्याच्या जमिनीवर लाकडी ठोकळ्यांच्या रांगाही लावल्या. त्या ठोकळ्यांना धडकत, वळत, घुटमळत वारा माझ्यापर्यंत येई आणि तोवर खऱ्या रानातल्या वाऱ्यासारखा वागायला शिके.

मला बनवायची गरज का पडली, तेही सांगायला हवे. त्या गावात नवा कारखाना उभा राहत होता. त्याचे मुख्य अभियंते होते बाईंचे सख्खे थोरले भाऊ. धुरांडे किती उंच असावे, याचे गणित बाईंनीच करून दिले होते. उंची ठरली, जागा ठरली, पाया भरून झाला. सगळे खूश होते. एकट्या बाईंना मात्र चैन पडत नव्हते. एकदा त्या स्वतः त्या गावाला जाऊन आल्या, टेकडीवर चढल्या, वारा अंगावर घेतला आणि परत आल्या त्या थेट सुतारमामांकडेच गेल्या.

मी तयार झालो आणि थोड्याच दिवसांत दादा प्रयोगशाळेत आले. बाई त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. उंचेपुरे, आवाज खणखणीत. मला पाहताच ते मोठ्याने हसले.

"काय गं चिमणे, या वयात भातुकली?"

बाईंचे लहानपणचे लाडाचे नाव चिमणी होते. घरात आणखी कुणी ते वापरत नसे, दादा मात्र प्रयोगशाळेतही वापरत. चिमणीवर अभ्यास करणारी चिमणी, असा विनोद ते दर भेटीत करत आणि बाई दर भेटीत दुर्लक्ष करत.

"दादा, माझं गणित सपाट जमिनीचं होतं," बाई म्हणाल्या. "त्या सूत्राला टेकडी ठाऊकच नाही. मला टेकडीसकट बघायचंय."

"अगं, वारा येतो टेकडीकडून. शाळा टेकडीच्या पायथ्याशी. धूर जाणार समोर, नदीकडे. उलटं शाळेत जायला धुराला काय पाय फुटलेत?"

"तेच बघू या. काचेपाशी उभा राहा."

मित्रांनो, तो क्षण मी कधीच विसरणार नाही. बाईंनी पंखा सुरू केला. माझ्या पितळी नळीतून पांढरा धूर निघाला. बोगद्यात अंधार केला होता आणि वरून एका फटीतून उजेडाची पातळ पट्टी सोडली होती, म्हणून धुराचा एकेक धागा चमकत होता. आधी धूर उभा वर गेला. मग वाऱ्यासरशी नदीकडे झुकला. "बघ!" दादा म्हणाले. त्यांचा "बघ" तोंडातून निघतो न निघतो तोच धुराचा खालचा भाग थबकला, जमिनीकडे उतरला आणि चक्क मागे वळला. वारा नदीकडे आणि धूर टेकडीकडे! तो जमिनीलगत सरपटत वसाहतीत शिरला आणि माझी काडेपेटीएवढी शाळा त्या पांढऱ्या ढगात दिसेनाशी झाली.

दादांनी काचेला नाक लावले. पंख्याची घरघर तेवढी चालू होती.

"टेकडी ओलांडताना वारा तिला सोडून पुढे उडी मारतो," बाई हळू आवाजात सांगू लागल्या. "टेकडीच्या आडोशाला मग हवा गोल गोल फिरत राहते. नदीत खडकामागे भोवरा पडतो ना, तसा. तुझं धुरांडं बरोबर त्या भोवऱ्यात उभं आहे, दादा. भोवरा धूर खाली ओढतो आणि मागे फेकतो."

"पुन्हा लाव," दादा म्हणाले.

बाईंनी पुन्हा लावला. धूर पुन्हा शाळेत शिरला. माझ्या घरांच्या छपरांना सुईच्या नेढ्याएवढी भोके होती. त्यांतून हवा ओढून किती धूर उतरला ते बाईंनी मोजले. सपाट जमिनीच्या गणितात शाळेपाशी काहीच नव्हते. माझ्या शाळेपाशी सगळ्यात जास्त भरले.

दादांचा चेहरा लाल झाला. "पाया भरलाय तिथे. लोखंड उभं राहतंय. आणि मी साहेबांना काय सांगू? बहिणीच्या खेळण्यात धूर मागे गेला, म्हणून चिमणी हलवा? लाकडाचा नमुना तो लाकडाचाच!"

ते तणतणत निघून गेले. खरे सांगतो, मला फार लागले ते. लाकूड आहे हे कबूल. पण लाकूड खोटे बोलत नाही. त्या दिवशी बाई बराच वेळ माझ्यापाशी बसून होत्या. एका बाजूला सख्खा भाऊ, दुसऱ्या बाजूला काडेपेटीएवढी शाळा. त्यांनी पितळी नळी पुसून जागेवर ठेवली आणि नुसते "हं" म्हणाल्या. मामांनी त्यांच्यासाठी चहा आणून ठेवला होता, तो गार होऊन गेला.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले नाही, कारण टेबल कधी फिरायला जात नाही. ते मी दादांच्याच तोंडून ऐकले. काही दिवसांनी ते अचानक प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. त्यांचा पांढराशुभ्र शर्ट जागोजागी केशरी झाला होता, केसांतही केशरी भुकटी.

"अरे दादा, हे काय?" बाई उठून उभ्या राहिल्या.

दादा माझ्याशेजारच्या स्टुलावर मटकन बसले. "तुझं बोलणं डोक्यातून जाईना. मग म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. बांधकामावरच्या क्रेनला रंगीत धुराचे डबे टांगले आणि ठरलेल्या उंचीवर चढवले. शाळेला सुट्टी होती. वारा टेकडीवरून यायला लागला तसं डबे पेटवायला सांगितलं आणि मी स्वतः शाळेच्या पटांगणात जाऊन उभा राहिलो. झेंड्याच्या खांबाला टेकून, ऐटीत. म्हटलं, चिमणीला दाखवतोच आता."

"मग?"

"मग काय! केशरी धूर आधी नदीकडे गेला. मी हसलो. हसून पुरतं झालं नाही तोच तो वळला आणि माझ्याकडे चालत आला. चालत, अगदी! मी खोकून खोकून खाली बसलो." ते थांबले. त्यांनी माझ्या शाळेकडे बघितले. "चिमणे, त्या पटांगणात पोरं डबा खातात."

बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. दादा पाणी प्यायले आणि जाता जाता त्यांनी माझ्या टेकडीवरून हात फिरवला. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला असा हात लावावा! मित्रांनो, माझ्या फळ्याफळ्यांतून शिरशिरी गेली.

मग कामाला नुसता ऊत आला. दादा रोज येत. नळी जरा पुढे सरकवून बघ, जरा लांब कर, पुन्हा सरकव, असे चालले. मामा नळीसाठी नवनवी भोके पाडत होते. माझ्या अंगाची अगदी चाळण झाली, पण मी हूं की चूं केले नाही. शेवटी नदीजवळ, भोवऱ्याच्या बाहेर, अशी जागा सापडली की तिथून उंच नळीतला धूर ताठ मानेने निघून जाई. वसाहतीला तो शिवतही नसे.

तेव्हा कारखान्याचे मोठे साहेब प्रयोगशाळेत आले. सोबत चार-पाच कोटवाले. दादांनी आधी त्यांना जुन्या जागेवरचा धूर दाखवला, मग नव्या जागेवरचा.

"पण पाया तर भरून झालाय," साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "तो कुणी ठरवला होता?"

"मी," दादा म्हणाले. "आणि तो फोडायचाही मीच ठरवलाय. तुमची परवानगी हवी."

"नाही दिली तर?"

"तर चिमणी दुसऱ्या कुणाकडून बांधून घ्या, साहेब. मी त्या पटांगणात उभा राहून आलोय."

साहेब कितीतरी वेळ काचेतून माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "फोडा." कोटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी वाजवल्या, सुतारमामांनी तर दणक्यात वाजवल्या. त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या! मी जर मोर असतो, तर तिथल्या तिथे पिसारा फुलवला असता.

पण बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या माझ्या पलीकडच्या कडेला उभ्या होत्या, जिथे नदीनंतर टेबल संपते तिथे.

"आता काय राहिलं?" दादांनी विचारले.

"धूर टेबलावरून गेला, दादा. जगातून नाही गेला." बाईंनी बोटाने मोकळ्या हवेत एक जागा दाखवली. "इथे, या कडेपासून हातभर पुढे, कोण राहतं?"

दादांनी मनातल्या मनात अंतर मोजले आणि त्यांचा चेहरा बदलला. "आत्या."

"आत्या."

त्या दोघांची आत्या नदीपलीकडच्या खेड्यात राहत असे. साहेबांना काही उमगेना. दादा त्यांना म्हणाले, "साहेब, आमच्या आत्याला तुम्ही ओळखत नाही. धूर तिच्या वाळत घातलेल्या धुण्यावर बसला, तर ती कारखान्याच्या फाटकात येऊन तुमचा उद्धार करेल. आणि तिच्या गावात दम्याची म्हातारी माणसं कितीतरी आहेत. ती तर तेवढंही बोलणार नाहीत."

आजवर मला वाटे, माझ्या कडेपाशी जग संपते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की माझ्या कडेपाशी फक्त माझे लाकूड संपते. उंच धुरांडे धूर गिळत नाही, मित्रांनो. ते तो दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकते, पातळ करून का होईना.

सुतारमामांनी मला एक लांब फळी जोडली. तिच्यावर आत्याचे गाव आले. मोजले तेव्हा तिथे शाळेइतका नव्हे, पण धूर उतरतच होता. मग धूर बाहेर पडण्याआधीच पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढणारे यंत्र बसवायचे ठरले. सही करताना साहेब म्हणाले, "या नमुन्याला एक फळी वाढली की माझ्या कारखान्यात एक यंत्र वाढतं. आता त्या सुताराला कुणीतरी आवरा!"

कारखाना सुरू झाला. बाईंनी वसाहतीत आणि आत्याच्या गावात हवा मोजणारी यंत्रे ठेवली. त्यांचे आकडे माझ्या आकड्यांशी जवळजवळ जुळले. त्यानंतर एके दिवशी त्या शाळेच्या मुख्याध्यापिका मला बघायला आल्या. त्यांनी वाकून आपली शाळा शोधली, चिमटीत मावेल एवढ्या छपरावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "अगं बाई, आमचं पटांगणसुद्धा आहे की!" त्यांचे बोट किती वेळ तिथेच होते. मला आजवर मिळालेले ते सगळ्यात मोठे बक्षीस.

पुढची कितीतरी वर्षे माझा रुबाब विचारू नका. लांबून विद्यार्थी येत. दुसऱ्या गावांचे नमुने बनत, आणि मामा त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "हा तुमचा थोरला भाऊ."

मग संगणक आले. मला त्यांचा राग नाही. उलट, प्रयोगशाळेतल्या पहिल्या संगणकाने टेकडीमागचा धूर मोजायला घेतला, तेव्हा बाईंनी त्याची उत्तरे माझ्या आकड्यांशी ताडून पाहिली. पहिल्यांदा तो सपशेल नापास झाला. खूप सुधारणा केल्यावर पास झाला. म्हणजे मी त्याचा मास्तरच की! पण शिष्य शिकून शहाणा झाला की मास्तरांकडे कोण वळून बघतो? माझी रवानगी कोठारात झाली. माझ्या नदीच्या पात्रात उंदरांनी बिऱ्हाड थाटले. माझ्या टेकडीवर मोडक्या खुर्च्या आल्या. एका कारकुनाने तर माझ्या धुरांड्यावर रोज ओली छत्री टांगायला सुरुवात केली. ज्या नळीपुढे साहेब गप्प झाले होते, तिच्यावर छत्री! सुतारमामा गेले. दादाही गेले. बाई निवृत्त झाल्या. वाळवीने माझा एक पाय पोखरला.

एकदा कोठार रिकामे करायचा हुकूम निघाला. हमालांनी मला उचलून दारापर्यंत नेलेही होते. तेवढ्यात प्रयोगशाळेत नव्यानेच आलेली एक चष्मेवाली संशोधक धावत आली. "ठेवा, ठेवा! खाली ठेवा आधी. तोच हवाय मला."

झाले होते असे, की त्या वसाहतीत आता उंच इमारती येणार होत्या. त्यांच्यामुळे धूर कुठे वळेल, हे तिच्या संगणकाला नीट सांगता येत नव्हते. एका पद्धतीने गणित केले की एक उत्तर, दुसऱ्या पद्धतीने केले की भलतेच. तिला खरा वारा हवा होता. तिने बाईंना फोन केला आणि दुसऱ्याच दिवशी बाई काठी टेकत आल्या.

माझी अवस्था बघून त्यांनी आधी त्या चष्मेवालीला फैलावर घेतले. "याच्यावर छत्री कुणी टांगली?"

"मी नव्हते हो तेव्हा, बाई!"

"बरं. मग आता पुसून घे. कोरड्या फडक्याने. पितळेला चिंच लाव."

माझा पोखरलेला पाय बदलला. उंदरांना बाहेरची वाट दाखवली. आणि माझ्या वसाहतीत, जुन्या लाकडी घरांच्या शेजारी, एका यंत्राने घडवलेल्या प्लॅस्टिकच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. म्हातारपणी दात पडतात म्हणे. मला नवे फुटले!

प्रयोग झाला. नव्या इमारतींपैकी जी सगळ्यात उंच होती, तिने जाणारा धूर ओढून घेतला आणि आपल्याच वरच्या मजल्यांच्या गच्च्यांत उतरवला. या वेळी नळीऐवजी इमारती हलल्या, पुन्हा भोके पडली, शेवटी ती इमारत चार मजल्यांनी ठेंगणी करायचे ठरले. चष्मेवालीने आपल्या संगणकात दुरुस्ती केली. बाई काचेपाशी उभ्या होत्या. शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून त्या म्हणाल्या, "बघितलंस का रे दादा?" आणि डोळे पुसले.

मित्रांनो, जुन्या वस्तू आहेत म्हणून जपा असे मी म्हणणार नाही. मोडक्या खुर्च्या खुशाल फेका. पण जी वस्तू खरे सांगते, तिच्यावर छत्री टांगू नका. तिचा पाय मोडला तर बदला, धूळ बसली तर पुसा. आणि मोठे होऊन तुम्ही काही बांधाल, पेटवाल, चालवाल, तेव्हा तुमचे टेबल जिथे संपते तिथे क्षणभर उभे राहा आणि विचारा, इथून हातभर पुढे कोण राहतं?

चष्मेवाली आली वाटते. आज ती एक नवी फळी घेऊन आली आहे, आत्याच्या गावाच्याही पुढची. बाजूला सरा मित्रांनो, काचेच्या पलीकडे जा. पंखा सुरू होतोय. वारा वाहत असताना मी कुणाशी बोलत नाही. तेव्हा मी कामावर असतो.